डावी भकाळी

डोंबिवलीजवळ मानपाड्याच्या पुढं जी चार-पाच गावं आता इमारतींच्या पायाशी जीव मुठीत धरून उरली आहेत, तिथं कुणाची म्हैस फुगली की पहिला फोन डॉक्टरला जायचा आणि दुसरा मालनला. डॉक्टर येईपर्यंत मालन हात धुऊन चहाला बसलेली असायची आणि म्हैस वैरणीकडं तोंड वळवून उभी असायची. यात जादू काही नव्हती. लग्नाच्या हॉलवरचा उरलेला भात कुणीतरी पुण्य म्हणून टोपलंभर आणून म्हशीपुढं ओततं, म्हैस बिचारी आवडीनं खाते, आणि तासाभरात तिच्या डाव्या बरगड्यांमागचा खळगा भरून वर येतो. त्या खळग्याला भकाळी म्हणतात. आधी तेल-हिंग पाजायचं. त्यानंही नाही उतरलं तर डाव्या भकाळीत नळीची जाड सुई घालायची आणि आतला दांडा ओढून काढायचा, की नळीतून वारा फुसफुसत बाहेर येतो. सासूनं शिकवलेली विद्या. तीस वर्षांत मालननं चाळीसएक म्हशी अशा उतरवल्या होत्या आणि एकही दगावली नव्हती. ही गोष्ट ती आपण होऊन कुणाला सांगत नसे, पण समोरच्यानं काढली तर त्याला थांबवतही नसे.

तिच्या तबेल्यात सहा म्हशी होत्या. आजूबाजूच्या टॉवरमधली माणसं रोज सकाळी तिचं दूध घेऊन जायची आणि दर महिन्याला शेणाच्या वासाची तक्रार महापालिकेत करायची. दूध पाहिजे, शेण नको, अशी नव्या डोंबिवलीची रीत आहे. त्या सहा म्हशींच्या रांगेत सातव्या खुंट्याला शेवंती बांधलेली असायची. शेवंती म्हणजे पांढरी घोडी.

घोडी मालनच्या मुलानं, सूरजनं आणली होती, पाच वर्षांपूर्वी. आगरी माणसाची हळद आणि लग्न म्हणजे काय थाट असतो हे त्याला सांगायला नको होतं. नवरदेव मिरवायला दरवेळी कल्याणहून कुणाची तरी घोडी आणायची, त्यापेक्षा आपलीच असली तर काय वाईट, असा त्याचा विचार. घोडीचा धंदा चालला. मग चौदा महिन्यांपूर्वी कल्याण-शीळ रस्त्यावर एका डंपरनं त्याची मोटारसायकल मागून उडवली आणि घरात तीन बायका उरल्या: मालन, सून रसिका आणि नऊ वर्षांची नात सान्वी.

रसिका ठाण्याची, खोपटची. तिचे वडील एसटी डेपोत मेकॅनिक होते. लग्नाआधी तिनं मांजरापेक्षा मोठं जनावर हातानं शिवलं नव्हतं. पण सूरज गेल्यावर घोडीचा लगाम तिनं हातात घेतला, कुर्त्याखाली बूट घालून ती वरातीच्या पुढं चालू लागली, आणि बाई घोडी घेऊन येते म्हटल्यावर लोकांना त्याचंही अप्रूप वाटायला लागलं. तिची एकच अट असायची, की प्यायलेला मामा-काका घोडीच्या जवळपास नको. त्या अटीवरून दोन वराती अर्ध्यावर सोडून ती घरी आली होती. मालनला तिचा अभिमान वाटला होता. तसं तिनं बोलून दाखवलं नव्हतं.

मालनच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलेलं होतं. घोडी आहे तोवर रसिका या घरात आहे, आणि रसिका आहे तोवर सान्वी. घोडी नसेल त्या दिवशी तीस-बत्तीस वर्षांच्या मुलीनं म्हशींच्या शेणात, एका म्हातारीबरोबर का राहावं, याचं एकही उत्तर मालनपाशी नव्हतं. हे गणित ती रोज करायची, शेवंतीच्या पाठीवरून हात फिरवताना. त्या हाताला फार काही कळत नसे. चौदा महिन्यांत तिला कशाचंच फारसं काही कळेनासं झालं होतं. दुधाचा टोप हातावर कलंडून फोड आला तेव्हाही, तो फोड आहे हे तिला रसिकानं सांगितलं.

मे महिन्यातली गोष्ट. सान्वी सुटीसाठी मामाकडं खोपटला गेलेली. रसिका सकाळी साडेआठला इस्त्रीचा ड्रेस घालून ओट्याशी उभी राहिली.

"आई, मी ठाण्याला जाऊन येते. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत बोलावलंय. नुसतं भेटायचंय."

"जा," मालन म्हणाली. "चाय पिऊन जा."

"शेवंतीला चणे दिलेत मी. काल वरातीत पोरांनी तिला काय काय चारलं, पाव, लाडू. जरा बघा तिच्याकडं."

"बघतंय मी. तू जा."

दहाच्या सुमारास शेवंतीनं पुढच्या पायानं जमीन उकरायला सुरुवात केली. मान वळवून ती आपल्याच पोटाकडं बघू लागली. मग खाली बसली, उठली, पुन्हा बसली आणि लोळली. मालननं डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर विनिता म्हणजे पस्तिशीची बाई, कल्याणला राहायची आणि स्कूटरवरून या सगळ्या पट्ट्यात फिरायची. ती त्या वेळी टिटवाळ्याकडं एका अडलेल्या म्हशीच्या वेणात अडकली होती.

"मावशी, मला अडीच तास तरी लागतील. तोवर तिला चालवत ठेवा. बसू देऊ नका, लोळू देऊ नका. तोंडानं काही पाजू नका, थेंबसुद्धा."

टोचू नका असं डॉक्टर म्हणाली नाही. म्हणायचं तिच्या डोक्यात येणार तरी कसं.

मालननं शेवंतीला चालवलं. तबेल्यापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून तबेल्यापर्यंत, डोक्यावर पदर घेऊन, एक तास. मधे एकदा रसिकाला फोन करावा असं तिच्या मनात आलं. आणि खरं सांगायचं तर त्याच्या पाठोपाठ दुसरंही आलं, की आत्ता फोन गेला तर पोरगी त्या कंपनीच्या खुर्चीतून उठून येईल आणि ती नोकरी तिथंच राहील. फोन हातात धरून ती विहिरीच्या काठावर थांबली. मग तिनं तो कनवटीला खोचला आणि घोडीला पुढं ओढलं. असला डाव खेळण्याइतकी ती पडलेली नव्हती.

साडेअकराला शेवंती चालेना. पोट दोन्ही बाजूंनी तटतटलं होतं. नाकपुड्या फुगलेल्या, अंगाला घाम सुटलेला. शेजारचा विश्राम, मालनच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, आवाज ऐकून बांधावरून आला.

"वयनी, हिचा पोट फुगलाय."

"मना डोले नाय काय, भाऊजी?"

मालननं डाव्या भकाळीवर बोटं टेकवली, टिचकी मारली. ढोलासारखा आवाज आला. हा आवाज तिच्या बोटांना झोपेतही ओळखू आला असता. डॉक्टरला यायला अजून तास होता. आणि म्हशीला या टप्प्यावर तास मिळत नाही, हे तिला चाळीस म्हशींनी शिकवलं होतं.

तिनं फळीवरचा डबा काढला, सुई उकळत्या पाण्यातून काढली, विश्रामला कासरा घट्ट धरायला सांगितला आणि शेवटच्या बरगडीमागं चार बोटं मोजून सुई घातली. चांगली घातली. हात हलला नाही. आतला दांडा ओढला आणि ती वाऱ्याची वाट बघत राहिली.

वारा आला नाही. नळीच्या तोंडाशी काळपट रक्त आलं, आधी थेंब थेंब, मग धार. मालन नळीकडं बघत राहिली. नळी काढायला तिनं हात पुढं केला, तेवढ्यात शेवंतीनं झटका दिला, विश्रामच्या हातून कासरा सुटला आणि घोडी नळीसकट डाव्या अंगावर पडून लोळली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती उठली नाही. पाय थरथरले, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. पाऊण तासात सगळं संपलं. म्हशी रवंथ करत बघत होत्या.

डॉक्टर विनिता एक वाजता आली. हेल्मेट काढायच्या आधीच तिला कळलं. तिनं घोडीचे डोळे पाहिले, पोट पाहिलं, ती नळी पाहिली. मग मालनला विचारून तिनं पोट उघडलं. विश्राम ताडपत्री धरून तोंड फिरवून उभा राहिला. मालननं तोंड फिरवलं नाही. आत सगळं रक्त भरलेलं होतं. डॉक्टरनं कोपरापर्यंत हात घालून फाटलेलं काहीतरी मोठं, जांभळं, कोयत्याच्या पात्यासारखं वाकडं बाहेर ओढलं.

"ही पाणथरी, प्लीहा," ती म्हणाली. "सुई कुणी घातली?"

"मीच."

"डाव्या बाजूला."

"डावेच बाजूला घालतान."

"म्हशीला घालतात, मावशी."

डॉक्टरनं हात धुतले. हात धुऊन ती निघून गेली असती तर मालनला बरं वाटलं असतं. पण ती पालथ्या घमेल्यावर बसली. चिडलेली नव्हती. पहाटेपासून म्हशीच्या पोटातलं पारडू ओढून ओढून तिचे हात दुखत होते आणि आता हे. दमलेली माणसं कधी कधी जरूर नसताना समजावत बसतात.

"तुम्हाला घोडी आणि म्हैस एका घरातल्या वाटतात ना?"

"चार पाय, खूर, चारा खातंय. अजून काय पायजे?"

डॉक्टरनं शेवंतीचा पुढचा पाय उचलून मांडीवर घेतला. मग मालनचा हात धरला आणि शेजारी ठेवला.

"लोक ज्याला घोड्याचा गुडघा म्हणतात ना, ते हे तुमचं मनगट. त्याच्या खालचं हे सगळं एकाच बोटाचं आहे. हे मधलं बोट. बाकीची बोटं कोट्यवधी वर्षांत झिजत गेली, बघा, बाजूला या दोन काड्या राहिल्यात हाडाच्या. आणि हा खूर म्हणजे त्या मधल्या बोटाचं नख. घोडी आयुष्यभर एका बोटाच्या नखावर उभी असते."

मालननं आपल्या मधल्या बोटाकडं पाहिलं. त्यावर रक्त वाळलं होतं.

"म्हशीचा खूर फाटलेला असतो. ती दोन बोटांवर उभी राहते, हे आणि हे. दोघींची भावकी तिथंच वेगळी होते. ज्यांचा भार मधल्या बोटावर ते एका भावकीतले. घोडा, गाढव आणि झेब्रा हे सख्खे. आणि चुलत म्हणाल तर गेंडा."

"गेंडा?" विश्राम ताडपत्रीमागून म्हणाला.

"गेंड्याला तीन बोटं असतात, पण भार मधल्यावरच. अजून एक टपीर नावाचं जनावर आहे, डुकरासारखं दिसतं, नाक लोंबतं. आपल्याकडं नसतं. तेही यांच्यातलंच. एवढीच भावकी उरलीय. पूर्वी फार मोठी होती, बाकीचे मरून गेले."

"अन म्हशीची?" मालननं विचारलं. तिला ऐकायचं होतं असं नाही. आवाज चालू राहावा असं वाटत होतं.

"म्हशीची भावकी गावभर. गाय, बकरी, हरीण, उंट, डुक्कर. पाणघोडा. त्याच्या नावात घोडा आहे, पण तो म्हशीकडचा. आणि पाणघोड्याच्या सगळ्यात जवळचा कोण माहितीय? देवमासा."

विश्रामला राहवलं नाही. "म्हंजे खाडीन देवमासा आला तर तो आमचे म्हशींचा पावना?"

"पावणाच. घोडीपेक्षा जवळचा."

विश्राम हसायला निघाला आणि घोडीकडं बघून गप्प झाला. डॉक्टर पुढं बोलत राहिली, आवाज हळू करून. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोघांचं मूळ एक होतं, मग वाटा फुटल्या. नंतर दोघीही गवतावर आल्या, पण गवत पचवायची विद्या दोघी आपापल्या शिकल्या. म्हशीनं पुढं, डावीकडं मोठं पोट केलं, त्यात ती गवत आंबवते, पुन्हा तोंडात आणून रवंथ करते, ढेकर देते. घोडी रवंथ करत नाही, ढेकर देत नाही, तिला ओकतासुद्धा येत नाही. तिनं गवत आंबवायची पिशवी मागं केली, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी, उजव्या बाजूला.

"अन डावीकडं?"

"डावीकडं, तुम्ही सुई घातलीत तिथं, आत पाणथरी. रक्ताची पिशवीच ती."

"पण आवाज आलता. ढोलाचा."

"येणारच. सगळं पोटच भरलेलं होतं वाऱ्यानं. तो वारा पाणथरीच्या पलीकडं होता, मावशी."

"उजवीकडं टोचला असता तर?"

डॉक्टरनं शेवंतीचा पाय मांडीवरून हळूच खाली ठेवला. "घोड्यालाही कधी कधी टोचतात, उजवीकडून. मी आले असते तर कदाचित टोचलं असतं. वाचलीच असती असं मी सांगणार नाही. पण या कारणानं गेली नसती."

मालननं मान हलवली. बाजारात भाव ऐकून हलवावी तशी. आत काही हललं नाही.

डॉक्टर उठली. "मी कागदावर जे आहे तेच लिहीन. रसिकाला मी सांगू की तुम्ही?"

"मी सांगते."

स्कूटरचा आवाज टॉवरच्या भिंतीमागं गेला, तसा विश्राम जवळ आला. ताडपत्री त्यानं घोडीवर नीट पसरली, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

"वयनी, मी खड्ड्याला जेसीबी सांगतो, आपले भावकीचे जागेन. अन ऐक माझा. पोटशूळानं गेली बोल. खोटा थोडीच हाय? सुरुवात तर त्यानंच झाली. तो कागद कोन मागनार हाय? पोरीला आधीच काय कमी हाय काय?"

"तुमी जेसीबी बघा, भाऊजी."

विश्राम गेला. मालननं सुई धुतली. तिला विश्रामचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटलं नव्हतं. घोडी आपोआप गेली म्हटलं तर रसिका रडेल, चार दिवस थांबेल, कदाचित दुसरी घोडी बघू म्हणेल. घोडी सासूनं मारली म्हटलं तर ती आजच्या आज खोपटला जाईल, आणि सुटीला गेलेली सान्वी परत यायचीच नाही. इतकं सरळ होतं सगळं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात मालनचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

ती पायरीवर बसली. दुपारचं ऊन तबेल्याच्या पत्र्यावर तापत होतं. डॉक्टरचं एक बोलणं तिच्या डोक्यात घोळत राहिलं. चारा तोच खातात, पण पचवायची विद्या दोघींची वेगळी.

वीस वर्षांपूर्वी मालनचा नवरा धाकू काविळीनं गेला, तेव्हा चौथ्या दिवशी सासूनं तिच्या हातात विळा दिला आणि गवताला पाठवलं. धाकूचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. मालन गवत कापत राहिली, म्हशी पिळत राहिली, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण जगलो आहोत. तिला ते लागू पडलं होतं. म्हणून सूरज गेल्यावर तिनं तेच केलं. चौथ्या दिवशी रसिकाच्या हातात घोडीचा लगाम दिला. सूरजचा फोटो ट्रंकेत ठेवला, शर्ट विश्रामच्या सुनेकडून गोधडीसाठी फाडून घेतले, आणि रसिका एकदा जेवताना "आज त्याचा वाढदिवस" म्हणाली तेव्हा "भात घे" म्हणून तिला गप्प केलं. चांगल्या मनानं केलं. हात हलला नव्हता. रसिकानं भात घेतला होता, आणि त्यानंतर चौदा महिन्यांत तिच्या तोंडून ते नाव पुन्हा आलं नाही. मालनला वाटलं, उतरलं.

हे सगळं तिला त्या पायरीवर बसून कळलं, आणि कळूनही रडू आलं नाही. रडू यायला हवं होतं, एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं.

रसिका साडेचारला आली. हातात चपला, ड्रेस घामानं पाठीला चिकटलेला. तिनं सातव्या खुंट्याकडं पाहिलं, मग ताडपत्रीकडं. चपला खाली ठेवल्या. जवळ जाऊन ताडपत्रीचा एक कोपरा उचलून शेवंतीचं तोंड पाहिलं, कपाळावरचा केसांचा झुपका नीट केला आणि कोपरा परत झाकला.

"कधी?"

"बारा वाजले अस्तील."

"मला फोन का नाही केलात?"

"तू मुलाखतीला गेलेलीस."

आता बोलायची वेळ होती. मालन उठून उभी राहिली, कारण हे बसून सांगण्यासारखं नाही असं तिला वाटलं.

"रसिका, घोडी माझे हातून गेली. पोट फुगला म्हनून मी म्हशीसारखी सुई घातली, डावीकडं. घोडीला डावीकडं पाणथरी असते. ती फाटली. डॉक्टरनं उघडून दाखवली. पोटशूळ होता, पन पोटशूळानं नाय गेली. मी मारली."

ती थांबली. मग तिला वाटलं एवढ्यानं भागणार नाही, म्हणून तिनं सगळं सांगितलं, जसं ऐकलं होतं तसं, मधल्या बोटाचं, गेंड्याचं, उजवीकडच्या पिशवीचं. एकसुरात, पाढा म्हणावा तसं. म्हैस घोडीची कुणी लागत नाही, मला वाटायचं लागते. शेवटी म्हणाली, "तू जानार असशील तर जा. मी अडवनार नाय."

रसिका ताडपत्रीशेजारी जमिनीवर बसली, इस्त्रीच्या ड्रेसनं, शेणात. बराच वेळ ती नखानं विटेची धूळ उकरत होती.

"नोकरी मिळाली मला," ती म्हणाली. "एक तारखेपासून. मी तिथंच हो म्हणून आले. येताना बसमध्ये विचार करत होते, तुम्हाला कसं सांगायचं आणि शेवंतीचं काय करायचं. कुणाला देऊन टाकूया म्हणणार होते."

मालनला ते समजायला वेळ लागला. "म्हंजे घोडी असती तरी जानार होतीस?"

"हो."

"मंग चवदा महिने रायलीस कशाला? मना वाटला, घोडीसाठी."

"घोडीसाठी?" रसिकानं पहिल्यांदा मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो घोडीचा नव्हता. "आई, मला घोड्यांची आवड कधीच नव्हती. चौथ्या दिवशी तुम्ही लगाम हातात दिलात, मी धरला. मी राहिले कारण या जगात त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखणारं एकच माणूस होतं, आणि ते या घरात होतं. मला वाटायचं, आज बोलतील. उद्या बोलतील. तो लहानपणी कसा होता, काय खायचा, कुणाला घाबरायचा, मला काही माहीत नाही, आम्ही नऊ-दहा वर्षं तर होतो सोबत. तुम्ही त्याचं नावसुद्धा घेत नाही. सान्वीला मी काय सांगू? मी दमले, आई. वाट बघून दमले."

बाहेर जेसीबी आला होता. विश्रामचा आवाज ऐकू येत होता, तो ड्रायव्हरला जागा दाखवत होता. मालन तशीच उभी होती. मग ती हळूहळू खाली बसली, गुडघे धरत, ताडपत्रीच्या या बाजूला. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. वीस वर्षं न वापरलेली विद्या होती ती. तिनं पुन्हा प्रयत्न केला.

"सूरज," ती म्हणाली.

रसिका हलली नाही.

"सूरजला घोड्याचा भ्याव वाटायचा. पाच वर्सांचा होता. नवरात्रान टेंभी नाक्याला देवी बघायला नेलता तुझ्या सासऱ्यांनी. तिथं एक घोडा उभा होता, टांग्याचा. हा माझे लुगड्यान शिरला, अन बाहेर येईना. देवी बघितलीच नाय आमी. तसाच परत आलू."

तिचा हात थरथरत होता. तिनं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. विश्राम दारात येऊन "वयनी, खड्डा किती खोल" असं विचारत होता, आणि दोघींपैकी कुणीही तिकडं बघितलं नाही.

रसिका गुडघ्यांवरून थोडी पुढं सरकली.

"मग?" ती म्हणाली.